कर्ता नसलेलं वाक्य

१

छापखान्यात दिवसभर लोकांची पुस्तकं टाइप करून तो घरी यायचा तेव्हा बोलायचंसुद्धा त्याच्या जिवावर येई. आळस नव्हे, ओला कपडा पिळून दोरीवर टाकावा तसं काहीतरी व्हायचं. जेवताना आई काही विचारायची, तो 'हं' म्हणायचा. पुन्हा विचारायची, तो पुन्हा 'हं' म्हणायचा. मग आई म्हणायची, "भिंतीशी बोलले असते तर निदान पोपडा तरी पडला असता."

त्या आठवड्यात मात्र घरीही एक काम अंगावर आलं. घरातले सगळे पासवर्ड ज्या अ‍ॅपमध्ये ठेवलेले होते, ते अ‍ॅप बंद होणार होतं. महिनाअखेरपर्यंत आपापलं सामान दुसरीकडे हलवा, नंतर आमच्याकडे काही शिल्लक राहणार नाही, अशी सूचना आली होती. वीज, पाणी, वाचनालय, आईची औषधं, सगळ्याच्या किल्ल्या त्या एकाच जुडग्यात होत्या. घरात त्याला 'जुडगा' असंच म्हणत.

जुडगा लावून दिला होता धाकट्या बहिणीनं. असल्या गोष्टी तीच बघायची. "तुम्हा दोघांवर सोडलं तर तुम्ही घराचा पत्ताही हरवाल," असं ती म्हणायची. त्याआधी आईचा सगळीकडे एकच पासवर्ड होता, 'विसरले'. कोणी विचारलाच तर ती खरं तेच सांगायची आणि विचारणारा आपणहून नाद सोडायचा.

बहीण जाऊन आता दोन वर्षं होत आली होती. जाऊन म्हणजे मरून नव्हे. तेवढंच तर कोणी ठाम सांगत नव्हतं. नोकरीच्या मुलाखतीला म्हणून सकाळी निघाली, दारातून "येते गं" म्हणाली आणि खाली उतरली. बसमध्ये चढताना तिला शेजारच्या बाईंनी पाहिलं. उतरताना कोणीच पाहिलं नाही. फोन त्याच दिवशी बंद पडला. पोलिसांकडे हेलपाटे झाले, ओळखीपाळखी झाल्या, आणि हळूहळू विचारणारेही विचारायचे थांबले.

मागे उरली ती तिची मेलची पेटी. तिचा पासवर्ड जुडग्यात होता. तो हरवला तर नवा मिळवायला तिच्या त्या बंद फोनवर येणारा आकडा लागणार, म्हणजे पेटी कायमची गेली. आई रोज दुपारी ती उघडून बघायची. जाहिरातींशिवाय काही आलेलं नसे. आई त्या जाहिरातीही शेवटच्या ओळीपर्यंत वाचायची.

"बाकीचं हलव नाहीतर बुडव," आई म्हणाली, "पण पोरीची पेटी बंद होता कामा नये. तिनं उद्या काही लिहिलं आणि घ्यायला कोणीच नसलं तर?"

"नाही होणार बंद."

"शप्पथ?"

"हं," तो म्हणाला.

२

सुट्टीच्या दिवशी दुपारी तो बहिणीच्या खोलीत जाऊन बसला. खोली तशीच ठेवायची असं ठरलं होतं, पण घर लहान असलं की ठरवलेलं टिकत नाही. आधी कपडे वाळत घालायचा स्टँड आत आला, मग इस्त्रीचं टेबल, मग जुना पंखा. आता ती बहिणीची खोली कमी आणि अडगळ जास्त होती. खिडकीखालचं तिचं टेबल तेवढं मोकळं होतं. त्यावर त्यानं आपला जुना लॅपटॉप ठेवला.

काम सोपं दिसत होतं. जुन्या अ‍ॅपमधून सगळं एका फाइलीत बाहेर काढायचं, ती फाइल नव्या अ‍ॅपला द्यायची. त्यानं दिली. नवं अ‍ॅप थोडा वेळ गरगरलं आणि म्हणालं की काही नोंदी आणता आल्या नाहीत. त्यानं बघितलं. ज्या पासवर्डांमध्ये अर्धविराम, कंस, अवतरणचिन्हं होती, नेमके तेच अडकले होते. फाइलीत एक रकाना कुठे संपतो आणि दुसरा कुठे सुरू होतो, हे त्या चिन्हांमुळे यंत्राला कळेनासं झालं होतं. हे त्याला लगेच समजलं. विरामचिन्हांनी घातलेला घोळ निस्तरण्यातच त्याचं आयुष्य चाललं होतं. अडकलेल्यांत बहिणीच्या पेटीचीही नोंद होती. उघड्या पासवर्डांची ती फाइल त्यानं लगेच पुसून टाकली.

म्हणजे हातानं टाइप करणं आलं. त्यानं जुनं अ‍ॅप फोनवर उघडलं, फोन पेल्याला टेकवून उभा केला आणि बघून बघून लॅपटॉपवर टाइप करायला लागला. पहिली नोंद विजेची होती. पासवर्ड होता ERIajls; आणि पुढे शेपटासारखे आकडे. अक्षरांवर ठिपके येऊ नयेत म्हणून त्यानं डोळ्याच्या खुणेवर बोट ठेवलं, एकेक कळ दाबली आणि मान वर केली.

चौकोनात लिहिलेलं होतं: आईघोरतेच.

त्यानं मान पुन्हा खाली केली. कीबोर्ड मराठीवर राहिला होता. छापखान्याची सवय, घरच्या लॅपटॉपवरही तो मराठीच ठेवायचा. इंग्रजी बडबडीसारखी दिसणारी ती अक्षरं मराठी कीबोर्डवर दाबली की सरळ शब्द होत होते.

पहिल्यांदा तो नुसता बघत राहिला. मग त्याला हसू आलं. बहिणीला हा कीबोर्ड त्यानंच शिकवला होता. याच टेबलाशी, एका सुट्टीत. तेव्हा ती म्हणाली होती, "दादा, ही तर गुप्त भाषाच झाली की." तिनं पासवर्ड म्हणून मराठी वाक्यंच टाइप केली होती, फक्त कीबोर्ड इंग्रजीवर ठेवून. वाचनालयाचा पासवर्ड उलगडला तर निघाला 'दादामठ्ठआहे'.

"आई!" त्यानं हाक मारली. कितीतरी दिवसांत त्याचा आवाज इतका मोठा निघाला नव्हता.

आई पदराला हात पुसत आली. त्यानं दाखवलं. आईनं चष्मा वर केला, खाली केला, वाचलं.

"मी घोरते?"

"असं ती म्हणते."

"आणि तू?"

"मी मठ्ठ."

"मग तुझ्याबाबतीत खरं लिहिलंय," आई म्हणाली, आणि दोघंही हसली. मग आई पलंगाच्या कडेवर बसली आणि बराच वेळ उठली नाही.

३

हसू ओसरलं ते पुढच्या नोंदीपाशी.

ही होती आईच्या औषधांच्या दुकानाची. ते खातं त्यानं स्वतः उघडलं होतं, गेल्या हिवाळ्यात, आईचे गुडघे धरले तेव्हा. म्हणजे बहीण गेल्यानंतर वर्षभरानं. तेव्हा पासवर्ड त्यानं सुचवलाही नव्हता. जुडग्यात 'नवा बनवा' असं बटण होतं, ते त्यानं दाबलं होतं आणि यंत्रानं बनवून दिलेला पासवर्ड न बघताच साठवला होता.

पासवर्ड होता pfve;{la. त्यानं कळा दाबल्या.

जिनाचढतो.

आई पलंगावर बसून खिडकीबाहेर बघत होती. त्यानं नवं अ‍ॅप खाली सरकवलं, कोरं पान उघडलं आणि पुन्हा टाइप केलं. तेच. तो स्वतःशी म्हणाला, योगायोग. ढगात हत्ती दिसतो, भिंतीच्या डागात चेहरा दिसतो. मुळात एवढी अक्षरं, कुठेतरी शब्द जुळणारच.

मग त्यानं बहीण गेल्यानंतरच्या सगळ्या नोंदी काढल्या. त्या चारच होत्या. चारही त्यानंच केलेल्या, चारही वेळा तेच बटण दाबून. त्यानं त्या तारखेप्रमाणे लावल्या, कारण छापखान्यात पानं सुटी झाली की आधी तीच लावायची असतात.

रस्ताचुकलो.

पूलओलांडला.

जिनाचढतो.

आणि शेवटची गेल्याच आठवड्यातली, पाण्याच्या तक्रारीसाठी उघडलेल्या खात्याची: दादायेतो.

पंख्याच्या जाळीला अडकलेला कागदाचा कपटा फडफडत होता. बाहेर जिन्यावरून कोणीतरी चाललं होतं. त्यांच्या इमारतीत लिफ्ट नव्हती आणि जिन्याचा लोखंडी कठडा खालपासून वरपर्यंत सलग होता. तळमजल्यावर कोणी त्यावर हात ठेवला तरी तिसऱ्या मजल्याला हलकीशी गुणगुण ऐकू यायची. लहानपणी ती भावंडं कठड्याला कान लावून कोण येतंय ते ओळखायची. आता तो ऐकत राहिला. गुणगुण दुसऱ्या मजल्यावर थांबली. एक दार उघडलं, मिटलं.

त्यानं श्वास सोडला आणि नव्या अ‍ॅपमधलं 'नवा बनवा' दाबलं. जे आलं ते मराठीत टाइप केलं. नुसता कचरा, काना, मात्रा, रफार एकमेकांच्या अंगावर पडलेले. पुन्हा केलं. पुन्हा कचरा. त्याला फार बरं वाटलं. एवढा सुंदर कचरा त्यानं आयुष्यात पाहिला नव्हता.

म्हणजे जे काही होतं ते जुन्यात होतं. नव्यात नव्हतं.

"काय रे, पांढराफटक का पडलास?" आईनं विचारलं.

त्यानं सांगायचं नाही असं ठरवलं होतं. पण तो दमलेला होता, आणि दमलेल्या माणसाला खोटं बोलायला जास्त कष्ट पडतात. त्यानं लॅपटॉप तिच्याकडे वळवला.

४

आईला भीती वाटलीच नाही. ती चारी ओळी बोटानं वाचत गेली आणि तिचा चेहरा असा काही उजळला की त्याला खाली बघावं लागलं.

"आली," ती म्हणाली. "माझी पोर आली रे."

"आई, हे यंत्रानं बनवलेलं आहे."

"मग मराठी कुठून आलं त्या यंत्राला?"

तो दुसऱ्या वाटेनं गेला. "तिनं असतं तर 'येते' लिहिलं असतं. 'चुकले' लिहिलं असतं. हे 'चुकलो' आहे, 'चढतो' आहे, 'येतो' आहे. बाई असं बोलेल का?"

"लहानपणी बोलायचीच की!" आई उसळली. "तुझ्या मागे मागे फिरून मुलासारखं बोलायची. 'मी जेवतो, मी जातो.' मी कितीदा रागावले असेन. शाळेत गेल्यावर सुटलं."

हे खरं होतं. त्यालाही आठवत होतं.

"तिला लिही काहीतरी," आई म्हणाली. "त्याच जागी. लिही, ये म्हणून."

"आई."

"दोन अक्षरंही नाहीत. एक अक्षर आहे. तेवढंही जड झालं तुला?"

"मला उद्या कामाला जायचंय," तो म्हणाला, जणू हे त्याचं उत्तर होतं. त्यानं लॅपटॉप मिटला. बहिणीच्या पेटीची नोंद हलवायची तशीच राहिली. खरं तर पाच मिनिटांचं काम होतं. पण तो पासवर्ड मराठीत काय म्हणत असेल हे वाचायची त्याची हिंमत नव्हती, आणि कीबोर्ड इंग्रजीवर ठेवून टाइप केला असता तरी बोटांना कळलंच असतं. बोटं न बघता वाचतात. त्यांना कसं थांबवणार?

५

छापखान्यातले मुद्रितशोधक नाकावर चष्मा आणि कानावर लाल पेन्सिल असे बसायचे. ऱ्हस्व-दीर्घावरून भांडायचे म्हणून सगळे त्यांना 'वेलांटीकाका' म्हणत, आणि त्यांनाही ते आवडायचं. दुपारच्या सुट्टीत त्यानं एका कपट्यावर ते शेवटचे शब्द लिहून त्यांच्यासमोर ठेवले. का, ते त्याचं त्यालाही नीट सांगता आलं नसतं. बहुधा कोणीतरी चूक काढावी एवढंच हवं होतं.

"काका, हे बरोबर आहे का?"

काकांनी डबा बाजूला केला. "दादा येतो. बरोबर आहे. दादा कर्ता, येतो क्रियापद. तुझा दादा कधीपासून यायला लागला? थोरला तर तूच."

"नाही काका. 'दादा' ही हाक आहे. कोणीतरी दादाला सांगतंय."

"मग स्वल्पविराम कुठाय?" काकांनी कानावरची पेन्सिल काढून तो ठोकून दिला. "हां. दादा, येतो. आता कर्ता गेला. कर्ता नसलेलं वाक्य म्हणजे बिनचेहऱ्याचा पाहुणा. कोण येतो ते कळायला नको?"

"पुरुष असेल ना. किंवा मुलासारखं बोलणारी मुलगी."

"एकटाच असेल तर," काका म्हणाले आणि पुन्हा डबा पुढे ओढला.

"म्हणजे?"

"अरे, इतकी वर्षं काय टाइप करतोस, नारळ? 'मी येतो' आणि 'आम्ही येतो', क्रियापद एकच. 'मी चढतो, आम्ही चढतो.' बायका असल्या तरी आम्ही येतोच. 'आम्ही येते' असं कोणी म्हणतं का?" त्यांनी घास घेतला, चावला, गिळला. "वाक्यात एकजण आहे की दहा, काही कळायला मार्ग नाही. लेखकाला विचार. ए, कुठे चाललास? चहा तरी घे!"

तो मालकाला डोकं दुखतंय असं सांगून बाहेर पडला होता.

६

घरी पोचला तेव्हा ऊन अजून उतरलं नव्हतं. दार लोटलेलंच होतं. आत केर काढलेला होता, फळ्यांवर नवीन कागद घातला होता आणि बहिणीच्या खोलीतून कपड्यांचा स्टँड, इस्त्रीचं टेबल, पंखा, सगळं बाहेर आणून बैठकीत ठेवलेलं होतं. आईचे गुडघे ते कसले! पलंगावर धुतलेली चादर होती. चार उशा होत्या, घरात होत्या तेवढ्या सगळ्या.

आई टेबलाशी बसून फोनकडे बघत होती. तिच्याही फोनवर जुडगा होता. बहिणीनंच घालून दिलेला.

"तू लिहीनास," ती म्हणाली, "म्हणून मी लिहिलं."

"कुठे लिहिलंस?"

"तिच्या पेटीच्या जागी. जुनं पुसलं आणि 'ये' लिहिलं. सरळ मराठीत. मला तुमचं ते इंग्रजी-बिंग्रजी येत नाही."

बहिणीच्या पेटीचा पासवर्ड. दोन वर्षं जपलेला. "आई, तो पासवर्ड होता. तो पुसलास?"

"ती स्वतः येतेय तर पेटी कशाला हवी? आणि ऐक तर. तिचं उत्तर आलं."

तिनं फोन पुढे केला. पेटीच्या नोंदीत, जिथे तिनं 'ये' लिहिलं होतं तिथे, आता दुसराच शब्द होता. मराठीतच. कीबोर्ड बदलायची गरज उरली नव्हती.

सगळे

एवढंच. ना प्रश्नचिन्ह, ना पूर्णविराम.

"विचारतेय," आई म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "सगळे आहात ना घरी, सगळे बरे आहात ना, असं विचारतेय. पहिल्यापासून तिचं तसंच. फोन केला की आधी, सगळे काय करताय?"

"तू काय उत्तर दिलंस?"

"काय देणार? 'हो' म्हटलं. 'हो, सगळे.'"

बोलायला काही होतं, पण ते बोलून झाल्यावर आईच्या तोंडाकडे बघायची ताकद त्याच्यात नव्हती. त्यानं तिच्या हातातून हळूच फोन घेतला. 'हो, सगळे' तिथे होतं आणि खाली बारीक अक्षरांत लिहिलेलं होतं की हे आत्ताच वाचलं गेलं.

"तू मोरीत जाऊन तोंडावर पाणी घे," तो म्हणाला. "ती आली तर असं रडवेलं तोंड दाखवणार आहेस का?"

"खरंच की," आई म्हणाली आणि लगबगीनं उठली. पाण्याचा आवाज सुरू झाला.

जुन्या अ‍ॅपच्या तळाशी 'खातं कायमचं पुसा' असं लाल अक्षरांत होतं. ते दाबलं की नोंदी जाणार, नोंदींचे जुने पासवर्ड जाणार, तेही. म्हणजे बहिणीच्या पेटीचा खरा पासवर्डही. आई पुसून मोकळी झाली असली तरी जुन्यांच्या यादीत तो असणार. दोन मिनिटं शोधला तर सापडेल, हे त्याला माहीत होतं. शोधायचा म्हणजे उघडायचा. उघडायचा म्हणजे वाचायचा. आणि तेवढा वेळ ते दार उघडं ठेवायचं.

'खात्री आहे?' असं फोननं विचारलं. तिनं काही लिहिलं आणि घ्यायला कोणीच नसलं तर, हे आईचे शब्द त्याच्या कानात होते. त्यानं शपथ घेतली नव्हती, फक्त 'हं' म्हटलं होतं. तेवढ्या एका 'हं'चा आधार घेऊन त्यानं बोट टेकवलं.

पडदा पांढरा झाला. नोंदी गेल्या. बहीण गेली.

त्याला वाटलं होतं की आपण रडू. पण आला तो फक्त थकवा, पायांच्या तळव्यांपासून चढत आलेला. त्यानं टेबलावर डोकं टेकलं. आत मोरीत नळ बंद झाला. घर इतकं शांत झालं की कठड्याची गुणगुण आधीपासूनच चालू होती हे त्याला तेव्हा कळलं.

७

एका हातानं ती तशी वाजली नसती. कोणी एकटं चढत असलं की कठडा गुणगुणतो, थांबतो, पुन्हा गुणगुणतो. हात उचलला जातो, पुढे पडतो. ही गुणगुण थांबत नव्हती. खालपासून वरपर्यंत एकसारखी, जड, जशी मधमाश्यांच्या पोळ्याला कान लावल्यावर ऐकू यावी. पावलं मात्र एकाच माणसाची होती.

तो बाहेर आला. आई आधीच दाराशी पोचली होती, ओल्या तोंडानं.

"थांब," तो म्हणाला. "मला बघू दे आधी."

दाराला बाहेरचं दिसायचं भिंग होतं. त्यानं डोळा लावला.

बहीणच होती.

त्याची खात्री पटायला क्षणही लागला नाही. तीच उभी राहायची लकब, एका पायावर भार टाकून. तीच खांद्यावरची पिशवी. केस वाढलेले, चेहरा उन्हानं रापलेला, डोळ्यांखाली काळं. खूप चालून आलेलं माणूस दिसतं तशी ती दिसत होती. तिच्या मागचा जिना वळणापर्यंत दिसत होता आणि तो रिकामा होता. वेलांटीकाका गेले खड्ड्यात, त्याला वाटलं. हात आपोआप कडीकडे गेला.

"दादा," ती म्हणाली. आवाज तिचाच. "दार उघड ना. दमलो रे."

आणि हे म्हणता म्हणता तिनं मान हलवली. अगदी थोडी, हनुवटीही धड हलली नसेल. भिंगात थेट बघत, उजवीकडे, डावीकडे. लहान असताना खोलीत पाहुणे बसलेले असले आणि त्यानं काही बोलू नये असं तिला वाटलं, की ती अशीच मान हलवायची. नको.

"उघड ना," तिचं तोंड म्हणालं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मान हलत होती. नको. नको.

मग तिच्या मागे, कठड्याच्या खालच्या बाजूनं एक हात वर आला आणि तिच्या पिशवीचा बंद नीट करून गेला. माणूस दिसला नाही.

"कोण आहे?" आईनं विचारलं. "तीच ना? तीच आहे ना रे?"

त्याला नाही म्हणता आलं असतं. एक शब्द होता. आई त्याच्याकडे बघत होती, आणि दाराबाहेर ती खरोखरच उभी होती. दोन वर्षं जिच्यासाठी त्यानं प्रत्येक बसच्या खिडकीत डोकावून पाहिलं होतं, ती, वीतभर लाकडाच्या पलीकडे, रडत. नाही म्हणायचं म्हणजे तिला पुन्हा खाली धाडायचं. त्यांच्याबरोबर.

"हं," तो म्हणाला.

"मग बाजूला हो."

तो बाजूला झाला. त्यानं पाठ भिंतीला टेकली आणि समोर बघत राहिला, जिथे बैठकीत आणून ठेवलेला कपड्यांचा स्टँड होता, एक ओला सदरा, दोन टॉवेल. कडी निघाली. गुणगुण एकदम थांबली, जसे सगळ्यांनी एकाच वेळी हात उचलावेत.

"ये गं बाई," आई म्हणाली. "ये माझी पोर. किती वाळलीस. ये."

पावलं आत आली. पिशवी खाली ठेवल्याचा आवाज झाला. बहिणीच्या हुंदक्याचा आवाज झाला. त्यानं मान वळवली नाही.

आई बोलायची थांबली होती. मग अनोळखी लोक दारात आले की ती लावायची तो घरंदाज, जरासा कोरडा आवाज लावून ती म्हणाली,

"या."

त्याच्या समोरून काहीतरी गेलं आणि सदरा हलला.

"या," आई म्हणाली. "या. आत या. या."